अठ्ठेचाळीस ओळींच्या मका टोकणयंत्राविषयी फिरणाऱ्या मजकुराचा प्रतिवाद

अमेरिकेतील मक्याच्या शेतात चालणाऱ्या अठ्ठेचाळीस ओळींच्या अजस्र यंत्राच्या चित्रासोबत एक मजकूर गेली काही वर्षे हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा, की हे यंत्र म्हणजे घोड्यामागे चालणाऱ्या जुन्या यंत्राचीच रुंद केलेली आवृत्ती आहे. ते तासाला शंभर एकर पेरते आणि त्यामुळे अख्ख्या देशाची मक्याची पेरणी आता चुटकीसरशी आटोपते. तिथले मक्याचे उत्पादन सातपट झाले ते याच यंत्रामुळे. यंत्र उपग्रहाच्या आधाराने आपले आपण चालते, चालक नुसता बसून असतो. आणि हे सगळे कोणाचेही काही न बिघडवता घडते. यातले एकही विधान अगदीच हवेतून आलेले नाही. प्रत्येकात सत्याचा थोडा अंश असल्यामुळेच ते सहज पटते आणि पुढे पाठवले जाते.

पहिली चूक शब्दातच आहे. मजकूर ‘पेरते’ असे म्हणतो, पण हे यंत्र पेरत नाही, टोकते. पेरताना बी धारेने सोडले जाते आणि एकरी किती किलो गेले याचा हिशेब ठेवला जातो. टोकताना एकेक दाणा ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या खोलीवर ठेवला जातो आणि हिशेब दाण्यांचा असतो. अमेरिकेत मक्याचे बियाणे वजनावर नव्हे, तर ८०,००० दाण्यांच्या पिशवीने विकले जाते, यावरून त्या हिशेबाची कल्पना यावी. हा भेद लक्षात घेतला नाही, तर गेल्या पावणेदोनशे वर्षांत या यंत्रात नेमके काय बदलले हे कळणारच नाही, आणि डोळ्यांत भरणारी रुंदी तेवढी दिसत राहील.

जुने यंत्र कसे होते ते आधी पाहू. इलिनॉय राज्यातील गेल्सबर्गच्या जॉर्ज ब्राउन यांनी १८५३ मध्ये मका टोकणाऱ्या, घोड्यांनी ओढायच्या दोन ओळींच्या यंत्राचे पेटंट घेतले. शेतावर आधी आडव्या रेघा मारून ठेवलेल्या असत आणि यंत्रावर बसलेला दुसरा माणूस, बहुधा एखादा मुलगा, प्रत्येक रेघ आली की दांडा ओढून दाणे सोडत असे. पुढे त्या मुलाची जागा शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेल्या गाठींच्या तारेने घेतली. यंत्र पुढे जाताना तारेवरची गाठ खटका दाबी आणि त्या ठिकाणी तीन-चार दाणे पडत, म्हणजे रोपांचे झुबके चौरसाच्या कोपऱ्यांवर उगवत. एवढा खटाटोप कशासाठी? उभी आणि आडवी अशी दोन्ही दिशांनी कोळपणी करता यावी म्हणून. ओळींमध्ये एक मीटरच्या आसपास अंतर असे, कारण तिथून घोडा जायचा होता. म्हणजे त्या काळी मक्याच्या शेताची मांडणी तण आणि घोडा या दोघांनी ठरवली होती; दाण्याला काय मानवते हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर तणनाशके आली, ट्रॅक्टर आधीच आले होते, आणि तारेची गरज संपली. अंतर हळूहळू कमी होत तीस इंचांवर, म्हणजे ७६ सेंटीमीटरवर स्थिरावले.

खरा पालट १९७० च्या दशकात झाला आणि त्याचा रुंदीशी काहीही संबंध नव्हता. तोवर दाणे मोजण्याचे काम भोके पाडलेल्या तबकड्या करत. भोकाच्या मापाचाच दाणा हवा, म्हणून बियाणे चपटे, गोल, लहान, मोठे असे प्रतवारी करून विकले जाई आणि कोणत्या पिशवीला कोणती तबकडी लावायची ते सांगावे लागे. मग दाणा चिमटीत धरणारी यांत्रिक बोटे आणि हवेच्या दाबाने किंवा निर्वाताने दाणा धरून ठेवणारी मापके आली, आणि दाण्याच्या आकाराची कटकट बरीच ओसरली. त्याहून महत्त्वाचा बदल मातीच्या पातळीवर झाला. पूर्वी चर पाडणारा फाळ घसरत पुढे जाई आणि खोली मागच्या दाबचाकावरून ठरे, त्यामुळे यंत्र उंचवट्यावरून गेले की दाणा कुठे खोल तर कुठे उथळ पडे. जॉन डिअर या अमेरिकी यंत्र-कंपनीच्या १९७० च्या दशकाच्या मध्यास आलेल्या मॅक्स-इमर्ज यंत्रात व्ही आकाराचा चर पाडणाऱ्या दोन तिरप्या तव्यांच्या अगदी बगलेला खोली राखणारी चाके बसवली होती, म्हणजे दाणा जिथे पडतो तिथेच खोली मोजली जाऊ लागली. आज कोणत्याही मोठ्या कंपनीचे यंत्र पाहिले तरी प्रत्येक ओळीवरचा हा संच थोड्याफार फरकाने तसाच दिसतो. ज्याला ‘जुन्याच यंत्राची रुंद आवृत्ती’ म्हटले जाते, ते वास्तविक अठ्ठेचाळीस स्वतंत्र टोकणयंत्रे एका दांड्याला अडकवण्यासारखे आहे.

‘स्वतंत्र’ हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. पूर्वी सगळ्या ओळींची मापके एकाच दांड्यावर, साखळी आणि दातेरी चक्रांच्या जोरावर, जमिनीवर फिरणाऱ्या चाकाने चालत. ३६ मीटर रुंदीचे यंत्र १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर गेले असे धरा. बाहेरच्या टोकाची ओळ ११८ मीटर त्रिज्येवर चालते आणि आतली ८२ मीटरवर, म्हणजे एकाच वेळात बाहेरची ओळ आतलीच्या जवळपास दीडपट अंतर कापते. मापके एकाच गतीने फिरली, तर आत रोपांची दाटी होणार आणि बाहेर विरळ पडणार. प्रत्येक ओळीला स्वतःची विद्युत मोटर मिळाल्यावर हा दोष दूर झाला. शेताच्या तिरक्या कडेला आधीच टोकलेल्या पट्ट्यावर पुन्हा दाणे पडू नयेत म्हणून एकेक ओळ बंद करणेही शक्य झाले. रुंदीने निर्माण केलेल्या अडचणी रुंदीने सुटल्या नाहीत, हे मजकूर लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

आता तासाला शंभर एकरांचे विधान पाहू. २००९ च्या सुमारास बाजारात आलेल्या अठ्ठेचाळीस ओळींच्या यंत्राची रुंदी १२० फूट, म्हणजे सुमारे ३६.६ मीटर आहे. ते ताशी आठ किलोमीटर वेगाने, क्षणभरही न थांबता आणि न वळता चालले, तर तासाला २९ हेक्टर, म्हणजे सुमारे ७२ एकर क्षेत्र होते. पण यंत्राला वळावे लागते, बियाणे भरावे लागते, अडकलेला पालापाचोळा काढावा लागतो. टोकणयंत्राची क्षेत्रीय कार्यक्षमता साधारणपणे ६५ टक्के धरली जाते, म्हणजे हाती उरतात ४७ एकर. शंभराच्या जवळ जायचे असेल तर वेग दुप्पट करावा लागतो, आणि येथेच जुन्या पद्धतीची हद्द लागते. हेक्टरी ८०,००० दाण्यांच्या हिशेबाने एका ओळीत दोन दाण्यांमध्ये सुमारे १६ सेंटीमीटर अंतर येते. ताशी आठ किलोमीटर वेगाला प्रत्येक ओळीतून सेकंदाला तेरा-चौदा दाणे पडावे लागतात आणि सोळा किलोमीटरला सत्तावीस. मोकळ्या नळीतून पडणारा दाणा त्या वेगाला नळीच्या भिंतीवर आपटतो, चरात उसळतो आणि अंतराचा सारा हिशेब विस्कटतो. २०१४ च्या सुमारास आलेल्या यंत्रणांमध्ये ब्रशचा किंवा कप्प्यांचा पट्टा दाणा हातात धरल्यासारखा थेट चरापर्यंत नेतो आणि यंत्राच्या गतीच्या उलट दिशेने मागे सोडतो, त्यामुळे जमिनीच्या दृष्टीने दाणा जवळजवळ स्थिर असतो. मजकुरातला शंभराचा आकडा आज थोडाफार गाठता येतो तो या पट्ट्यामुळे. नुसती रुंदी तो गाठून देत नाही.

‘अख्ख्या देशाची पेरणी चुटकीसरशी’ या वाक्याला अमेरिकेच्या कृषी खात्याच्या साप्ताहिक आकडेवारीनेच उत्तर दिले आहे. १९९२ मध्ये एका आठवड्यात देशातील ४३ टक्के मक्याची लागवड झाली होती. त्यानंतर एकवीस वर्षे यंत्रे रुंद होत गेली, आणि मे २०१३ मध्ये, ओल्या वसंतामुळे खोळंबलेले सगळे शेतकरी एकदम शेतात उतरले त्या आठवड्यात, आकडा आला पुन्हा ४३ टक्के. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे: १९९२ मध्ये मक्याखाली सुमारे ७.९ कोटी एकर होते आणि २०१३ मध्ये ९.५ कोटींहून थोडे जास्त, म्हणजे एकरांत मोजल्यास २०१३ चा आठवडा मोठा ठरतो. तरीही यंत्राची रुंदी दुप्पट झाली म्हणून देशाचा वेग दुप्पट झाला नाही. कारण साधे आहे. यंत्र रुंद झाले तशी एकेका यंत्रावर सोपवलेली जमीनही वाढली, आणि यंत्रांची संख्या घटली. शिवाय वेग ठरवते ती माती. वापसा, म्हणजे शेतात काम करता येईल इतपतच ओल, नसेल तर चोवीस ओळी आणि अठ्ठेचाळीस ओळी यांत काही फरक नाही, दोन्ही बांधावर उभी राहतात. रुंद यंत्राचा खरा उपयोग वापसा मिळाल्यानंतरच्या मोजक्या दिवसांत असतो. ब्राझीलच्या मातो ग्रोसो राज्यात हे अधिक ठळकपणे दिसते: तिथे सोयाबीन काढले की पाठोपाठ त्याच शेतात मका टोकावा लागतो, आणि पाऊस थांबण्यापूर्वी पीक उभे राहायचे असल्यामुळे एकेक दिवस मोलाचा असतो.

सातपट उत्पादनाचा श्रेयवाद फार लांबवण्याची गरज नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेचे सरासरी उत्पादन एकरी पंचवीस बुशेलच्या (बुशेल हे धान्याचे अमेरिकी माप) आसपास, म्हणजे हेक्टरी दीड टनांहून थोडे अधिक होते आणि २०२३ मध्ये ते १७७ बुशेलच्या वर, म्हणजे हेक्टरी सुमारे ११ टन होते. सातपट हा आकडा बरोबर आहे. पण १९७२ मध्येच ते ९७ बुशेलवर पोहोचले होते, म्हणजे वर सांगितलेला पालट शेतात नीट रुळण्यापूर्वी. आणि अठ्ठेचाळीस ओळींचे यंत्र आले त्या २००९ मध्ये ते सुमारे १६५ होते. जे यंत्र वाढीच्या अगदी शेवटच्या पायरीवर आले, त्याला आधीच्या सगळ्या पायऱ्यांचे श्रेय कसे द्यायचे? ते संकरित वाणांचे आहे, नत्रखताचे आहे, तणनियंत्रणाचे आहे आणि दाट लागवड सोसणाऱ्या वाणांच्या निवडीचे आहे. यंत्राचा वाटा या शेवटच्या मुद्द्यापाशी येतो. एकरी दहा-बारा हजार रोपांवरून तीस हजारांच्या पुढे जायचे, तर प्रत्येक रोप शेजाऱ्याच्या बरोबरीने उगवले पाहिजे. दाट ओळीत चार-सहा दिवस मागे राहिलेले रोप पुढे सावलीत सापडते, पाणी आणि खत खाते आणि बारीकसे कणीस देते किंवा देतही नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते तणच. दोन दाण्यांमधले अंतर थोडे चुकले तर मका बरेचसे सांभाळून घेतो, पण उगवण मागेपुढे झाली तर सांभाळत नाही. म्हणून खोली आणि ती राखण्यासाठी प्रत्येक ओळीवर दिला जाणारा दाब यांवर झालेला खर्च मला अंतराच्या अचूकतेवरील खर्चापेक्षा अधिक सार्थ वाटतो, जरी जाहिरातींत अंतराचीच चित्रे जास्त असतात.

चालक बसून असतो हे दिसायला खरे आहे. ट्रॅक्टरचे सुकाणू उपग्रहांच्या संकेतांवर, स्थानिक दुरुस्ती-संकेताच्या जोडीने, अडीच सेंटीमीटरच्या अचूकतेने चालते. पण चालक पडद्यावर प्रत्येक ओळीचा दाब, दाण्यांची गणती, दुहेरी पडलेले आणि गळालेले दाणे पाहत असतो, आणि शेत बदलले की खाली उतरून चाकूने माती उकरून दाणा खरोखर पाच सेंटीमीटरवर पडला आहे का, चर नीट मिटला आहे का ते तपासतो. माती कोरडी की चिकट, मागची चाके किती दाबायची, आज टोकायचे की उद्या, हे निर्णय त्याचेच. १० आणि ११ मे २०२४ च्या तीव्र सौर वादळात हे संकेत बिघडले आणि ऐन हंगामात अनेक शेतकऱ्यांना यंत्रे थांबवावी लागली. शिवाय संगणकीय भाग बिघडला तर स्वतः दुरुस्त करण्याचा अधिकार किती, यावर कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा केला आणि जानेवारी २०२५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकेच्या व्यापार-नियामक संस्थेने जॉन डिअरवर दावा दाखल केला. ‘आपले आपण’ चालणाऱ्या यंत्रामागे इतकी माणसे भांडत आहेत.

राहिले ‘कोणाचे काही न बिघडवता’. २००८ च्या वसंतात जर्मनीत वरच्या ऱ्हाईनच्या खोऱ्यात हजारो मधमाश्यांच्या वसाहतींना विषबाधा झाली. मक्याच्या बियाण्यावर क्लोथियानिडिन या कीटकनाशकाचा लेप होता, त्याची धूळ निर्वातावर चालणाऱ्या टोकणयंत्रांच्या पंख्यातून बाहेर फेकली गेली आणि शेजारच्या फुलोऱ्यावर बसली. दाणे अचूक मोजण्यासाठी आणलेल्या त्याच हवेने हे केले. नंतर युरोपात बाहेर पडणारी हवा जमिनीकडे वळवणाऱ्या झडपा लावण्याचा नियम झाला. वजनाची गोष्ट अधिक चिवट आहे. पूर्वी प्रत्येक ओळीवर छोटी पेटी असे आणि बियाण्याचा भार सगळ्या रुंदीवर वाटला जाई. आता मध्यभागीच्या मोठ्या टाक्यांतून हवेच्या नळ्यांनी बियाणे ओळींकडे जाते, म्हणजे भार मध्यावर येतो. एका आसावर दहा टनांहून अधिक भार आला की माती नांगराच्या खोलीच्याही खाली दबते आणि ती दबलेली माती सहजासहजी मोकळी होत नाही. ट्रॅक्टरच्या आणि टाक्यांच्या चाकांमधल्या ओळींना याचा फटका बसतो आणि काढणीच्या वेळी त्याच ओळी कमी देतात, हे शेतकऱ्यांना चांगले ठाऊक आहे. त्या फिरत्या चित्रासारख्या अनेक यंत्रांच्या मधल्या टाक्यांखाली आज चाकांऐवजी रुंद रबरी पट्टे दिसतात. माती खरोखरच बिघडत नसती, तर ते महागडे पट्टे कोणी बसवून घेतले नसते.