औषधं परवडत नाहीत हे पेशंट सांगत नाही

"पेशंट औषधं वेळेवर घेत नाही" हे ऐकलं की राग येतो मला. बऱ्याचदा तो विसरलेला नसतो हो, त्याने हिशोब केलेला असतो. महिन्याच्या गोळ्या दीड महिना कशा पुरवायच्या, कुठली एक दिवसाआड चालेल, बीपीची बंद केली तर लगेच काही होत नाही ना, मग तीच बंद करू. आणि खरंच लगेच काही होत नाही, घात तिथेच आहे, कारण बीपी दुखत नाही, मग एक दिवस थेट स्ट्रोक येतो आणि सगळे म्हणतात यानेच हयगय केली.

टाइप १ डायबेटीसमध्ये, म्हणजे ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, तर तेवढीही उसंत नाही, इन्सुलिन बंद पडलं की थोड्याच दिवसांत जीवावर बेतू शकतं. १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लागला आणि १९२३ मध्ये शोधणाऱ्यांनी पेटंट टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं, आणि शंभर वर्षांनी अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात लोक डोस कमी करून दिवस काढत होते! बरीच ओरड झाल्यावर २०२३ मध्ये लिली कंपनीने आपल्या सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या इन्सुलिनच्या किमती ७० टक्के उतरवल्या. म्हणजे उतरवता येत होत्या ना?

संशोधनाला पैसा लागतो, कितीतरी औषधं ट्रायलमध्येच फेल जातात, मान्य आहे. पण डाराप्रिम हे परजीवी जंतूंच्या संसर्गावरचं साठ वर्षांहून जुनं औषध, २०१५ मध्ये मालक बदलला आणि १३.५० डॉलरची गोळी ७५० डॉलरला गेली, त्यात कुठलं संशोधन होतं? उलट एचआयव्हीच्या औषधांना वर्षाला १०,००० डॉलरच्या वर खर्च येत होता तेव्हा २००१ मध्ये सिप्ला या भारतीय औषध कंपनीने तेच उपचार ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. स्पर्धा आली की भाव खाली येतात हे तेव्हाच दिसलं होतं.

किमतींचे कायदे होतील तेव्हा होतील, पण डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शन लिहिताना "हे परवडेल का?" एवढं विचारावं, कारण पेशंट लाजेने स्वतःहून बोलत नाही. आणि पेशंटनेही प्लीज सांगा, जेनेरिक, म्हणजे त्याच औषधाची ब्रँडशिवायची स्वस्त गोळी, चालेल का विचारा, पण मनाने गोळी अर्धी करू नका, हळूहळू विरघळणाऱ्या काही गोळ्या तोडल्या की सगळं औषध एकदम अंगात जातं.