गळ टाकायला धरणावर कशाला धावता? आधी गावच्या तलावाकडे पाहा

राजेहो, सध्या आपल्या विदर्भातल्या कोणत्याही तालुक्यातल्या धरणावर जा, दोन-चार पोट्टे नवी कोरी रॉड-रील घेऊन उभे दिसतात. सामान सगळं मालवण, रत्नागिरी नाहीतर मुंबईच्या खडकावरचे व्हिडिओ पाहून मागवलेलं: बारा फुटी जड रॉड, शंभर ग्रॅमचं शिसं, स्टीलची तार, चमकणारी खोटी मासळी. समुद्रावर ते बरोबर आहे. तिथं लाटेच्या पलीकडे फेकावं लागतं, धारदार दातांचे मासे नायलॉन कापतात आणि भरती-ओहोटी पाहून जागा धरावी लागते. आपल्या पाण्यात यातलं काहीच नाही. रोहू-मृगळाच्या जबड्यात दातच नसतात, ते काठापासून पंधरा-वीस फुटांवर चरतात, आणि शंभर ग्रॅमचं शिसं गाळात असं रुततं की ओढताना दोरी तुटते.

माझं मत स्पष्ट आहे. विदर्भात हौसेनं गळ टाकायचा असेल तर मालगुजारी तलाव (जुन्या काळच्या गावच्या जमीनदारांचे, म्हणजे मालगुजारांचे) आणि बोडी (शेतातला छोटा तलाव) आधी, मोठं धरण सगळ्यात शेवटी. धरणात मासा जास्त असतो हे खरं, पण तो पसरलेला असतो. काठावर बसलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात कोहळी समाजानं बांधलेले असे तलाव गावोगावी आहेत. रचना सगळीकडे जवळपास सारखीच: एका बाजूला मातीची पार, म्हणजे बांध, पारीत पाणी सोडायचं तुडुम, टोकाला जास्तीचं पाणी निघून जायची सलंग. एवढं कळलं की जागा आपोआप कळते. तुडुमाच्या आसपास पाणी सगळ्यात खोल, तिथं मृगळ आणि मोठा रोहू. पारीच्या दगडी तोंडाला तिलापिया. समोरच्या उथळ बाजूला, जिथं कमळ, शिंगाडा आणि बेशरमाची झुडपं असतात, तिथं मरळ. आणि आपल्याकडची भरती-ओहोटी म्हणजे हे तुडुम. धानाला पाणी सोडलं आणि तलाव उतरायला लागला की मासा काठ सोडून आत सरकतो. अशा दिवशी कालची जागा धरून बसणारा रिकाम्या हातानं घरी जातो. पाणी कधी सोडणार हे गावात कोणालाही विचारा, सांगतात.

विचारण्यावरून मुद्दा. मालगुजारी १९५० च्या कायद्यानं गेली आणि तलाव सरकारचे झाले, पण त्यातला मासा बेवारस नाही. बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेनं मासेमारीचा ठेका घेतलेला असतो, बोटुकली, म्हणजे बोटभर वाढलेली पिल्लं, विकत आणून सोडलेली असते, आणि त्यावर ढिवरांचं, म्हणजे मासेमारीवर जगणाऱ्या कुटुंबांचं, वर्ष चालतं. न विचारता गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या वाडीतली संत्री तोडणं. संस्थेच्या अध्यक्षाला किंवा तलावाच्या राखणदाराला गाठा, किती द्यायचे ते आधी ठरवा आणि तीन गोष्टी विचारून घ्या: बोटुकली कधी सोडली, शेवटचं जाळं कधी ओढलं, आणि पुढचं कधी ओढणार. बोटुकली साधारण पावसाळ्यात पडते, तिचा किलोच्या आसपास रोहू व्हायला वर्ष जातं. पाणी कमी झाल्यावर, उन्हाळ्यात, मोठं जाळं ओढतात. म्हणजे जाळ्याच्या आधीचे माघ-फाल्गुन सर्वात चांगले, आणि जाळ्यानंतर लगेच गेलात तर डासांशिवाय काही चावणार नाही. अर्ध्या किलोच्या आतला रोहू-कटला हाती लागला तर परत सोडा. तो संस्थेचा पुढच्या वर्षाचा माल आहे.

आता सामान. आठ फुटांची हलकी रॉड, ०.३० मिलिमीटरचं नायलॉन, सहा ते आठ नंबरचा गळ, दोन-तीन ग्रॅम शिसं गळाच्या वर एक वीत. बस. रीलचा ब्रेक स्प्रिंगच्या वजनकाट्यावर दीड किलोला सुटेल इतकाच कसा. पूर्ण आवळून ठेवला तर दोन किलोचा कटलासुद्धा पहिल्याच धावेत नायलॉन तोडतो. गाठीला पाच-सहा वेढे द्या आणि आवळण्याआधी थुंकीनं ओली करा. कोरडी गाठ घासून तापते, नायलॉन तिथंच कमजोर होतं आणि लोक मग दोरीच्या कंपनीला शिव्या देतात. तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा बोटभर तुकडा चालतो, फक्त त्याला नेलपॉलिशचा हात द्या, नाहीतर पाणी पिऊन तो बुडायला लागतो.

खोली मोजल्याशिवाय बसू नका. नुसत्या गळाला जड शिसं अडकवून टाका. धांडा बुडाला तर दोरी कमी पडते, आडवा पडला तर जास्त झाली. टोक जेमतेम वर राहिलं की तळ सापडला. मृगळासाठी आमिष तळालाच, रोहूसाठी तळापासून वीतभर वर. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला उघडतं, तो खाली वाकून खात नाही, म्हणून त्याच्यासाठी आमिष वरच्या दोन-तीन फुटांत ठेवा. लोक तिन्ही माशांना एकाच खोलीवर बोलावतात आणि मग तलावात मासाच नाही म्हणतात.

मासा जागेवर जमवायला पाण्यात टाकायचा चारा घरचाच. राइस मिलचा कोंडा एक किलो, भुईमुगाची किंवा सरकीची ढेप (पेंड) अर्धा किलो. ढेप चार-पाच तास भिजवून कुस्करा, कोंड्यात मिसळा आणि काठाचीच माती घालून संत्र्याएवढे गोळे करा. माती नसेल तर गोळा तळाला जायच्या आधीच फुटतो आणि सगळी चिल्लर मासळी वर जमते. सुरुवातीला तीन-चार गोळे, मग अर्ध्या तासानं एकेक. सगळं घमेलं एकदम ओतलं तर मासा पोटभर जेवून निघून जातो.

गळावरच्या गोळीसाठी दोन वाट्या कणीक, एक वाटी फुटाण्याचं पीठ, चिमूटभर हिंग. पीठ मळताना त्यात थोडा कापूस पिंजून घाला. त्याच्या तंतूंमुळे गोळी गळावरून सुटत नाही. आकार बोराच्या आठळीएवढा, आणि पीठ कानाच्या पाळीइतकं मऊ. घट्ट मळलं तर गळाचं टोक पिठातच अडकतं, ओठात शिरत नाही.

धांडा नुसता थुडथुडला तर तिलापिया किंवा चिल्लर, हात लावू नका. बाजूला सरकत गेला तर रोहू. उचलून आडवा पडला तर मृगळ, कारण त्यानं तळावरून शिसंसुद्धा उचललेलं असतं. झटका मनगटानंच द्या. रोहूचा ओठ मऊ आहे, खांद्यापासून खेचलं की फाटतो.

मरळीचं गणित वेगळंच आहे. ती हवा घ्यायला वर येते, त्यामुळे पाच मिनिटं शांत उभं राहिलात तर जागा तीच दाखवते. इथं नायलॉन नको, तीस-चाळीस पौंडांची विणलेली दोरी, सात फुटी कडक रॉड आणि रबरी बेडूक. बेडूक कमळाच्या पानावर टाका, तिथून हळूच पाण्यात उतरवा. पाणी फुटलं की लगेच ओढू नका, दोरी ताणली जाईपर्यंत थांबा. घाई केली तर बेडूक तिच्या तोंडातून रिकामा परत येतो. लागली की डोकं वर ठेवून सरळ बाहेर काढा, एकदा देठात शिरली तर गेली. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा गोळा फिरताना दिसेल, खाली आई-बाप राखणीला असतात. पिल्लांजवळ येणाऱ्या कशावरही ते झडप घालतात, म्हणून तिथं गळ टाकणं सगळ्यात सोपं, आणि माझ्या मते सगळ्यात नीच काम. आई-बाप गेले की इतर मासे सगळी पिल्लं खातात.

धरणावर जायचंच असेल तर थोडक्यात. गोसीखुर्दच्या फुगवट्यात बुडालेली झाडं फार, गळ अडकून जातात. शिवाय नाग नदीतून नागपूरचं सांडपाणी याच पाण्यात येतं, तिथला मासा मी ताटात घेणार नाही. इटियाडोह आणि मोर्शीजवळचं अप्पर वर्धा पाण्यानं चांगलं, पण परवानगी तिथंही लागते. यवतमाळ, अकोल्याकडे काळ्या मातीमुळे पाणी दिवाळीपर्यंत गढूळ राहतं. त्यात चकाकणारं आमिष दिसतच नाही, गांडूळ किंवा वासाची गोळी वापरा, आणि बसायला मुरमाचा किंवा खडकाचा काठ शोधा, काळ्या गाळात माणूस मांडीपर्यंत जातो. नवेगावबांध, तोतलाडोह, काटेपूर्णा हे संरक्षित जंगलाचे भाग, तिथं गळ काढूच नका. लोणारच्या खाऱ्या पाण्यावरही रॉड घेऊन जाऊ नका. आणि धरण कोणतंही असो, दारांच्या खालच्या डोहात उतरू नका. मासा तिथं भरपूर असतो, पण दार उघडल्यावर पळायला वेळ मिळत नाही.

करंट लावणारे आणि ब्लिचिंग टाकणारे दिसले तर संस्थेला कळवा. पाण्यात विष किंवा स्फोटकं टाकून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, तरी चालू आहे.

वेळेचं म्हणाल तर थंडीत पहाटे कुडकुडत बसण्यात अर्थ नाही, रोहू पाणी तापल्यावर, अकरा ते तीनच्या दरम्यान खातो. उन्हाळ्यात उलट, सूर्य उगवल्यापासून नऊपर्यंत. पण पहाटे सगळा तलाव तोंड वर काढून हवा घेत असेल तर पाण्यातला प्राणवायू कमी झालेला आहे. असा मासा खात नाही, त्या दिवशी घरी जा.

शिंगाळा, मागूर हे मिशीवाले मासे दुपट्ट्यात धरूनच गळ सोडवा. कल्ल्यामागचा काटा बोटात घुसला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा, ठणका कमी होतो, पण सूज चढली तर दवाखाना गाठा. पारीवर दगडांच्या फटीत साप असतात, बूट हवेतच. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीकडे तलाव जंगलाला लागून आहेत, वाघ तिथं पाण्यावर येतो. मोहफुलाच्या दिवसांत अस्वलंही फिरतात. एकटं बसू नका, जंगलाकडे पाठ करून बसू नका, आणि मासा कितीही लागत असला तरी चारच्या आत सामान आवरून पार उतरा.