"एका दिवसात दात" म्हणालात, मग पावडर आणि टाके कशाला? – आमचं उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. 2 स्टार दिलेत, म्हणताय की बोर्डावर "एका दिवसात दात" (म्हणजे इम्प्लांट: दात काढून लगेच त्या जागी हाडात स्क्रू आणि त्यावर कॅप) आणि खुर्चीत बसल्यावर हाडाची पावडर, टाळूतून काढून हिरडीत शिवलेला तुकडा, वाढलेलं बिल, वर चार महिने त्या दाताने चावायचं नाही. तुमच्या केसचे डिटेल्स इथे उघड्यावर लिहिणार नाही, पण पावडर म्हणजे बिल फुगवायचा धंदा असं जे म्हटलंय त्यावर बोलतो.

वरच्या पुढच्या दातासमोरची हाडाची भिंत पापडाएवढी असते हो, बहुतेकांची 1 मिमीपण नसते. तिला रक्त बरंचसं मुळाभोवतीच्या पडद्यातून मिळतं, दात काढला की तो पुरवठा बंद आणि भिंत विरघळायला लागते, मग काही महिन्यात हिरडी आत बसते, दात लांब दिसतो, कधी स्क्रूची राखाडी सावली हिरडीतून दिसते. लोकांना वाटतं लगेच स्क्रू टाकला म्हणजे हाड वाचलं. नुसत्या स्क्रूने नाही वाचत, एकेकाळी डेंटिस्ट लोकांनाही तसंच वाटायचं. म्हणून हिरडी न उघडता दात हळूहळू सुटा करायचा, स्क्रू टाळूच्या बाजूला सरकवून बसवायचा आणि पुढे 2 मिमीच्या आसपास फट राहते तिच्यात पावडर भरायची. (ही पावडर बऱ्याचदा गाई-बैलांच्या हाडापासून केलेली असते, ज्यांना चालत नाही त्यांना सिंथेटिक मिळते, आम्ही आधी विचारतो.) हिरडी पातळ असली तर टाळूतला तुकडा आतून शिवतो, ती जखम आठवडाभर चांगलीच दुखते, खोटं नाही बोलणार.

त्याच दिवशी लावतो ती कॅप टेम्पररी, मुद्दाम आखूड, खालच्या दाताला टेकू नये म्हणून. ती दिसायला आणि हिरडीचा आकार धरून ठेवायला. हाड स्क्रूला पकडेपर्यंत 3-4 महिने जातात, त्याआधी स्क्रू हलला की मुसळ केरात.

आता आमची चूक. एस्टिमेटवर "लागल्यास ग्राफ्ट" (म्हणजे हीच पावडर आणि टाळूतला तुकडा) एवढंच होतं, आकडा नव्हता, स्कॅन बघून तो आधीच लिहून द्यायला हवा होता. यापुढे देतोय. आणि बोर्ड कालच उतरवला, तो वाचून कुणालाही पक्का दात त्याच दिवशी मिळणार असंच वाटेल.

शनिवारी संध्याकाळी गर्दी कमी असते, या, स्कॅन स्क्रीनवर लावून दाखवतो आणि बिलाचंही बसून बघू. तोवर त्या दाताने पेरूबिरू नका खाऊ.