‘सोलर आपोआप वाढलं, सरकारचा काय संबंध?’ एकेक मुद्दा घेऊन बोलू

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, सोसायटीच्या ग्रुपवर, गावच्या ग्रुपवर, ऑफिसच्यासुद्धा. सार असं की ऊन फुकट आहे आणि पॅनल बाजारात स्वस्त झाले म्हणून सोलर वाढलं, भारतातले दर खासगी कंपन्यांनी पाडले, सरकारने यात काडीचं काही केलेलं नाही, उलट सबसिडीच्या नावाखाली करदात्यांचा पैसा उडवला, ती बंद केली तर सोलर अजून जोरात वाढेल आणि पुरावा पाहिजे असेल तर पाकिस्तान बघा. वाचायला भारी आहे, लाइक पण भरपूर पडतायत. पण तपासायला घेतलं की एकही मुद्दा धड उभा राहत नाही.

पहिला मुद्दा, ‘ऊन जास्त तिथे सोलर जास्त’. मग जर्मनी? आपल्या विदर्भ-मराठवाड्यात पडतं त्याच्या निम्म्याहून जरा जास्त एवढंच ऊन तिथे पडतं, आणि तरी २०१० संपताना तिथे १७ गिगावॅटच्या (१ गिगावॅट म्हणजे १,००० मेगावॅट) पुढे सोलर लागलेलं होतं, तेव्हा आपल्याकडे ग्रिडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, जोडलेलं सोलर मेगावॅटमध्ये मोजायचो आपण. ऊन बदललं नव्हतं, कायदा बदलला होता. २००० साली त्यांनी कायदा केला की जो कोणी सोलरची वीज ग्रिडला देईल त्याची वीज घ्यावीच लागेल, आणि ठरलेल्या दराने, २० वर्षं. हा कागद घेऊन शेतकरी बँकेत गेला तरी कर्ज मिळायचं कारण पैसे कुठून येणार हे बँकेला दिसत होतं. झाला मुद्दा.

दुसरा, ‘पॅनल बाजाराने स्वस्त केले’. हो, केले, पण बाजार आला कुठून ते पण सांगा ना. सोलर सेल १९५४ साली अमेरिकेच्या बेल लॅबमध्ये बनला आणि पुढे बरीच वर्षं तो सॅटेलाइटवर लावण्याइतकाच परवडायचा, म्हणजे गिऱ्हाईक कोण, तर सरकार. मग जपानने १९९४ पासून घरांच्या छतांसाठी अनुदान दिलं, मग जर्मनीचा तो कायदा, आणि ती जर्मन मागणी बघून चीनमध्ये कारखाने उभे राहिले, त्यांना तिथल्या सरकारी बँकांची कर्जं आणि स्थानिक सरकारांच्या जमिनी. जगात बसवलेलं सोलर दुप्पट झालं की पॅनलची किंमत साधारण २० टक्क्यांनी उतरते असा अनुभव आहे, म्हणजे महाग असताना कोणीतरी विकत घेत राहिलं म्हणून स्वस्त झालं, आणि ते महागातलं बिल बऱ्यापैकी जर्मन घरांनी आपल्या वीजबिलातून भरलं. आपण आयत्या पिठावर रेघोट्या ओढतोय हे निदान मान्य तरी करू.

आणि किंमत अजूनही धोरणाने हलते. ३१ मे २०१८ ला चीनने एका फटक्यात स्वतःच्या देशातली सोलरची मदत कापली, तिथली मागणी बसली, माल तुंबला आणि त्या वर्षभरात जगभर पॅनल चांगलेच उतरले. बीजिंगमधल्या एका परिपत्रकाने राजस्थानातल्या प्रोजेक्टचं गणित बदललं, याला ‘सरकारचा संबंध नाही’ म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला, ‘भारतात खासगी कंपन्यांनी दर पाडले’. २०१०-११ साठी केंद्रीय वीज नियामक आयोगाने सोलरचा दर धरला होता १७.९१ रुपये युनिट. त्याच काळात राष्ट्रीय सोलर मिशन सुरू झालं, उलटा लिलाव ठेवला, म्हणजे जो सर्वात कमी दर मागेल त्याला काम, आणि पहिल्याच फेरीत दर ११-१२ रुपयांवर आला. पण एवढी महाग वीज घेणार कोण? तर एनटीपीसी या केंद्राच्या वीजनिर्मिती कंपनीच्या व्यापार कंपनीने ती कोळशाच्या स्वस्त विजेत मिसळून वीज कंपन्यांना विकली, म्हणजे त्यांना एकूण दर झेपला. ही मिसळण्याची युक्ती नसती तर पहिली फेरी कागदावरच राहिली असती.

पुढे २०१७. फेब्रुवारीत मध्य प्रदेशातल्या रीवा सोलर पार्कचा पहिल्या वर्षाचा दर २.९७ रुपये, मे महिन्यात राजस्थानातल्या भडला पार्कचा २.४४. लोक हे आकडे टाकतात आणि बघा मार्केटची कमाल म्हणतात. आता आत काय होतं ते बघा. जमीन गोळा केलेली, लाइन ओढण्याची सोय सोलर पार्कमध्येच, त्यामुळे सातबारे गोळा करत फिरायला नको. २५ वर्षांचा करार. रीवाला राज्य सरकारची हमी. आणि केंद्राची सौर ऊर्जा कंपनी सेकी मध्यस्थ असेल तिथे राज्याने पैसे थकवले तर रिझर्व्ह बँकेतल्या राज्याच्या खात्यातून वळते करायची तरतूद. आता सोलर प्रोजेक्टचा जवळपास सगळा खर्च सुरुवातीलाच होतो, पुढे कोळसा घ्यायचा नसतो, म्हणजे दर ठरतो मुख्यतः कर्जाच्या व्याजावर, आणि व्याज ठरतं पैसे बुडायच्या भीतीवर. ती भीती सरकारने स्वतःच्या अंगावर घेतली म्हणून दर पडला. कंपन्यांनी काहीच केलं नाही असं नाही, घासाघीस त्यांनीच केली, पण पीच सरकारने तयार करून दिलेलं होतं.

उलट बाजू पण आहेच. २०१९ मध्ये आंध्रच्या नव्या सरकारने जुने करार पुन्हा उघडून दर कमी करा म्हटलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि गुंतवणूकदारांनी हात आखडता घेतला. एप्रिल २०२२ पासून आयात पॅनलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के ड्युटी लागली, देशी कारखान्यांना फायदा झाला पण प्रोजेक्टवाल्यांचा खर्च वाढला. म्हणजे सरकार आडवं पण येतं, मेसेजवाला इथे अर्धा बरोबर आहे. पण जो आडवा येऊन गाडी थांबवू शकतो त्याचा गाडीशी संबंध नाही कसा?

व्हिएतनामचं उदाहरण यातलं सगळ्यात मजेशीर. सरकारने छतावरच्या सोलरला चांगला दर दिला, पण ३१ डिसेंबर २०२० च्या आत जोडलं तरच. झुंबड उडाली, एका वर्षात छतावरचं सोलर ९ गिगावॅटच्या पुढे गेलं, ग्रिडला ते झेपेना, वीज तयार असून बंद करायची वेळ आली, आणि तारीख उलटल्यावर पुढच्या वर्षी काम जवळपास ठप्प. ऊन तेच, पॅनल तेच, फक्त कॅलेंडरचं पान उलटलं.

आता पाकिस्तान. २०२४ मध्ये तिथे साधारण १७ गिगावॅटचे पॅनल चीनमधून आले, हे खरंच आहे आणि आश्चर्य वाटण्यासारखंच आहे. पण सरकार नव्हतं? सरकारनेच खासगी वीज केंद्रांशी असे करार केले की वीज घेतली नाही तरी पैसे द्यायचे, ते पैसे ग्राहकाच्या बिलात आले, वर आयएमएफच्या अटी, आणि बिलं इतकी वाढली की लोक ग्रिडला कंटाळले. त्याच वेळी २०१५ पासून नेट मीटरिंग (ग्रिडला दिलेले युनिट घेतलेल्या युनिटमधून वजा) चालू, पॅनलवर बरीच वर्षं विक्रीकर नव्हता, आणि मिळत होते ते चिनी धोरणाने स्वस्त केलेले पॅनल. २०२५ मध्ये मात्र आयात पॅनलवर कर आला आणि ग्रिडला दिलेल्या छतावरच्या विजेचा दर युनिटला २७ वरून १० पाकिस्तानी रुपयांवर आणायचा घाट घातला गेला. मोठी सबसिडी नव्हती हे खरं, धोरण मात्र पदोपदी होतं, चांगलं आणि वाईट दोन्ही.

शेवटचा मुद्दा, ‘सबसिडी बंद करा’. केंद्राच्या सूर्यघर योजनेत घराच्या छतावरच्या ३ किलोवॅट सोलरला ७८ हजार मिळतात, त्यावर वाद घाला, माझी काही हरकत नाही. पण सगळे त्या ७८ हजारांवरच भांडतायत आणि खरा पैसा दुसरीकडे आहे. समजा ३ किलोवॅटचं सोलर दिवसाला १२ युनिट देतं, घरचे दिवसभर बाहेर, दिवसा वापर ४ युनिट, ८ युनिट ग्रिडला गेले आणि रात्री एसी-गिझरला ८ युनिट परत घेतले. नेट मीटरिंगमध्ये हे ८ ला ८ वजा, म्हणजे युनिटला १० रुपये धरले तर रोजचे ८० रुपये वाचले. नेट बिलिंगमध्ये तुम्ही दिलेल्या युनिटला समजा ३ रुपये आणि घेतलेल्याला १०, म्हणजे वाचले फक्त २४. रोजचा फरक ५६ रुपये, वर्षाला २० हजार, चार वर्षांत सबसिडी साफ. आणि पॅनल २५ वर्षं चालायचंय.

हे हवेतलं नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगाच्या मसुद्यात नेट बिलिंग आलंच होतं, ग्राहकांनी आणि इन्स्टॉलर लोकांनी हरकतींचा पाऊस पाडला तेव्हा अंतिम नियमात नेट मीटरिंग राहिलं. अशा मसुद्यांची जाहीर सूचना पेपरात आतल्या पानावर कोपऱ्यात बारीक अक्षरात येते, हरकतीची मुदत थोडकीच असते. ज्यांना छतावर सोलर बसवायचंय त्यांनी ग्रुपवरच्या मेसेजपेक्षा त्या कोपऱ्यावर नजर ठेवा.