'सता' म्हणजे शत, म्हणून फिनिश संस्कृतची लेक?

'फिनलंडच्या फिनिश भाषेत शंभराला सता म्हणतात, हातोड्याला वसरा, म्हणजे वज्र. आर्य हा शब्दही तिथे ओर्या म्हणून आहे. शिवाय संस्कृतसारख्या विभक्ती. म्हणून फिनिश संस्कृतातून निघाली,' असा मजकूर सगळीकडे फिरतोय. शब्द खरे आहेत, निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

अशा शब्दांना फिनिशमध्येच नाव आहे: 'लाइनासना'. लाइना म्हणजे उसनं, सना म्हणजे शब्द. यातला 'लाइना'सुद्धा जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन-स्वीडिशच्या कुळातल्या भाषांकडून उसना घेतलेला. आपण बँकेतून काढतो ते 'लोन' त्याच कुळातलं! उसनवारीचं नावच उसनं असलेल्या भाषेत उसने शब्द सापडले, तर त्यावरून तिचं कूळ ठरत नाही.

आता 'सता'. तो इंडो-इराणी, म्हणजे संस्कृत आणि फारसी दोघींची पूर्वज भाषा बोलणाऱ्यांकडून आला हे नक्की, पण संस्कृतातून नव्हे. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी, ऋग्वेदाच्याही आधी, आजच्या रशियातल्या व्होल्गा-उरल भागात हे लोक आणि फिनिशचे पूर्वज शेजारी म्हणून एकमेकांना भेटत होते. शंभरासाठी शब्द उसना घेतला म्हणून नातं जडत असेल, तर आपला 'हजार' फारसी आहे. मराठीला कुणी फारसीची लेक म्हणेल का?

कूळ पाहायचं तर लहान आकडे आणि शरीराचे शब्द पाहावेत. एक, दोन, तीनला फिनिशमध्ये युक्सी, कक्सी, कोल्मे. इंग्रजीचे टू, थ्रीसुद्धा द्वि, त्रिच्या जवळचे वाटतात. फिनिशचे हे आकडे मात्र अजिबात नाहीत. उलट फिनिशमध्ये हात म्हणजे कॅसी, हंगेरियनमध्ये केझ. रक्त म्हणजे वेरी, तिकडे वेर. फिनिशची भावंडं ही आहेत, आणि हे कुटुंब उरालिक.

'ओर्या'चा अभिमान बाळगणाऱ्यांनी त्याचा अर्थ पाहिलेला दिसत नाही. फिनिशमध्ये तो आहे गुलाम. बहुतेक अभ्यासकांच्या मते तो आर्यवरूनच आला, बहुधा पकडून आणलेल्या परक्यांच्या नावावरून. इंग्रजीतला 'स्लेव्ह' स्लाव लोकांच्या नावावरून आला, तसाच.

राहिल्या विभक्ती. संस्कृतात आठ, फिनिशमध्ये साधारण पंधरा. 'तलो' म्हणजे घर, 'तलोस्सा' घरात, 'तलोस्ता' घरातून, 'तलोस्सानी' माझ्या घरात: 'माझ्या'सुद्धा शेपटीलाच. लिंगभेद मुळीच नाही, तो आणि ती दोघांनाही 'हॅन'. विभक्ती तर तमिळमध्येही आहेत, तुर्कीतही आहेत.