गळाला लागलं का काही?

नाही लागलं! आणि तुम्ही असेच धपाधप पाय आपटत काठावर येत राहिलात तर लागणारही नाही. तळ्याकाठी गळ टाकून बसलेला माणूस दिसला, की जगाला नेमकं त्याच्याच शेजारी येऊन उभं राहायचं असतं. का? एवढा काठ ओस पडलाय ना!

बरं, राहा उभे. पण मग पाण्यात खडे कशाला? माशाच्या दोन्ही अंगांना पार्श्वरेषा असते, तिच्यातून त्याला पाण्यातली बारीकशी थरथरही कळते. शिवाय पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने पळतो. तुमच्या गप्पा एक वेळ परवडल्या, त्या पाण्यात फारशा उतरत नाहीत. पण बुटांचा दणका थेट खाली पोचतो! दोऱ्याला बांधलेलं, पाण्यावर तरंगणारं बूच कुठे जरा दोनदा लवतं, मी श्वास रोखून काठीवर हात ठेवतो, आणि मागून आरोळी, "ओढा, ओढा!" अहो, मासा अजून आमिष हुंगतोय, तोंडात घेऊ तर द्या!

मग सल्ले. गांडूळ नको, कणीक लावा. कणीक नको, रॉड बदला. रॉड राहू दे, जागाच बदला. स्वतः जन्मात गळाला गाठ मारलेली नाही!

आणि जे खरंच गळ टाकतात, ते? गुंता झालेला नायलॉनचा दोरा तिथेच फेकून चालते होतात. वर्षानुवर्षं तो कुजत नाही, पक्ष्यांच्या पायांना फास बसतो. खिशात कोंबायला काय मणभर वजन असतं त्याचं?

आणि तो स्पीकर बंद करा आधी!