‘माती घाला, मासे सोडा, विसरून जा’ या मेसेजला उत्तर

गेल्या काही महिन्यांत एकच मेसेज मला चार ग्रुपवरून आला. त्यातला सल्ला थोडक्यात असा: काचेची मोठी बरणी घ्या, तळाला कुंडीतली माती, वर खडी, दोन-तीन रोपं, मग नळाचं पाणी, आणि त्याच दिवशी चार गप्पी सोडा. फिल्टर नको, पंप नको. पाणी कधीच बदलायचं नाही, आटेल तेवढं वरून भरायचं. वनस्पती चोवीस तास ऑक्सिजन देतात. रोपं जवळच्या तळ्यात फुकट मिळतात. गप्पी फार झाले की ओढ्यात सोडा, डासही कमी होतील. खाली लिहिलंय, ‘वॉलस्टॅड पद्धत’.

माझ्या घरी दोन फुटांची, साधारण पन्नास लिटरची टाकी नऊ वर्षं फिल्टरशिवाय चालू आहे. तळाला माती, वर बारीक खडी, साधी एलईडी ट्यूब. त्यामुळे माझा विरोध या पद्धतीला नाही. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत उत्तम चालते, पण तिचा सगळा डोलारा पहिल्या दिवसापासून दाट लावलेल्या, जोमाने वाढणाऱ्या रोपांवर उभा असतो. मेसेजमधून नेमकी तीच अट गळली आहे.

सगळ्यात घातक वाक्य आहे ‘त्याच दिवशी मासे सोडा’. मासा कल्ल्यांमधून सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्यात भर पडते. जुन्या टाकीत एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्याचं नायट्रेट करतात. नायट्राइटसुद्धा विषारीच, कारण त्यामुळे माशाचं रक्त ऑक्सिजन नीट वाहून नेऊ शकत नाही. नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणापर्यंत सोसतं. ही जिवाणूंची वस्ती नव्या काचेत नसते, ती बसायला महिना-दीड महिना जातो. शिवाय पाण्याखाली गेलेली ताजी माती पहिले काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडते. कुंडीच्या मातीत शेणखत, गांडूळखत किंवा युरियाचे दाणे असतील तर विचारूच नका.

त्यात आपल्या पाण्याचा स्वभाव. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यातलं एकच रूप माशाला मारतं. पंचवीस अंश तापमानाला पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कली मोजण्याचं माप) 7 असेल तर विषारी रूप शंभरात जेमतेम अर्धा भाग असतं. पीएच 8 झाला की तेच शंभरात पाच भाग होतं. म्हणजे अमोनिया तेवढाच, विष दसपट. तापमान वाढलं की आणखी जास्त. बोअरचं जास्त पीएचचं पाणी, एप्रिल महिना आणि पाच लिटरची बरणी एकत्र आली की काय होतं, ते मला शेजारच्या मुलीच्या बरणीत दिसलं. तिचे चारही गप्पी आठवड्याच्या आत गेले. पाणी शेवटपर्यंत नितळ होतं. अमोनिया दिसत नाही, म्हणून तर लोक ‘मासे दुकानातूनच आजारी आले होते’ असं म्हणून पुन्हा चार आणतात.

‘पण रोपं अमोनिया शोषतात ना?’ शोषतात, आणि बहुतेक पाणवनस्पती नायट्रेटच्या आधी अमोनियाच घेतात. पण किती रोपं आणि कोणती, हे महत्त्वाचं. मेसेजसोबतच्या फोटोत उभ्या काड्या आहेत त्या लकी बांबूच्या. ती पाणवनस्पतीच नव्हे. पानं बुडवून ठेवली की काही आठवड्यांत ती कुजते आणि अमोनियात भरच घालते. ॲन्युबियास नावाचं रोप पाण्यात टिकतं, पण इतकं सावकाश वाढतं की नव्या टाकीला त्याचा आधार नाही. सुरुवातीला हवी वालिसनेरिया, हायड्रिला, हायग्रोफिला यांसारखी झपाट्याने वाढणारी रोपं. तळाचा बहुतेक भाग त्यांनी झाकला पाहिजे. जोडीला पाण्यावर तरंगणारं काहीतरी हवं. तरंगत्या रोपांना कार्बन डायऑक्साइड थेट हवेतून मिळतो, म्हणून ती सगळ्यात वेगाने वाढतात आणि घाणही वेगाने उचलतात. मनीप्लांटची फांदी, मुळं पाण्यात आणि पानं बाहेर, अशी अडकवली तरी छान काम करते. दोन-तीन आठवडे रोपंच वाढू द्या. नर्सरीत पाण्याबाहेर वाढवलेल्या रोपांची जुनी पानं या काळात गळतात. ती काढून टाका, नवी येतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मग दोन मासे. तपासायचं किट काही शे रुपयांत मिळतं, आणि रंगीत खड्यांच्या आधी ते घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

चोवीस तास ऑक्सिजनची गोष्ट चुकीची आहे. प्रकाश असेपर्यंत रोपं ऑक्सिजन देतात, अंधारात तीही माशांसारखाच तो वापरतात. म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीस अंशांना साडेसात. पहाटे मासे पृष्ठभागाला तोंड लावून उभे दिसले तर ते भूक लागली म्हणून नव्हे. पसरट टाकीत पाण्याचा हवेशी जास्त संपर्क येतो, अरुंद गळ्याच्या बरणीत कमी. फायटर मासा अशा बरणीत जगतो, कारण तो वर येऊन हवा घेऊ शकतो. त्याचं जगणं हा पाणी चांगलं असल्याचा पुरावा नाही.

आता पाणी. ‘आटेल तेवढं भरा’ हे ऐकायला सोपं आहे, पण आटतं ते फक्त पाणी, क्षार मागे राहतात. वीस लिटरच्या टाकीत आठवड्याला एक लिटर बोअरचं पाणी भरत राहिलात तर वीस आठवड्यांत क्षार जवळपास दुप्पट होतात. हीटरच्या रॉडवर पांढरा थर धरणाऱ्या घरांना हे वेगळं सांगायला नको. मी भर घालायला पावसाचं साठवलेलं पाणी वापरतो, ते संपलं की आरओचं, आणि महिन्यातून एकदा पाव टाकी बदलतो. नळाचं पाणी क्लोरीन काढल्याशिवाय घालायचं नाही, कारण क्लोरीन मासे आणि जिवाणू दोघांनाही मारतो. माती एक इंच पुरे, वर तेवढीच खडी. प्रकाश रोज सहा-आठ तास. थेट ऊन लागलं तर शेवाळ माजतं आणि लहान टाकी तापते.

तळ्यातल्या फुकट रोपांबरोबर चतुराच्या अळ्या येतात आणि त्या माशांची पिल्लं खातात. गोगलगायी आणि जळवाही येतात. दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवलेलं बरं. पण याहून मोठी काळजी वेगळी आहे. पावसाळ्यात साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, पाण्यात वायतुरा हे कंदाचं रोप फुलतं. त्याचं शास्त्रीय नाव ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस, म्हणजे साताऱ्याचंच नाव त्याला मिळालं आहे. सह्याद्रीबाहेर तो नाही. ‘जवळच्या तळ्यातून आणा’ असं हजारो लोकांना सांगताना त्यात असा एखादा कंद उपटला जाईल, याचा विचार कुणी केलेला नाही. दुकानात पन्नास रुपयांना वालिसनेरिया मिळत असताना सड्याला हात लावू नका.

उलट्या दिशेने, म्हणजे टाकीतलं बाहेर सोडतानाही, तेच. गप्पी दक्षिण अमेरिकेतला. मादी दर महिन्याच्या आसपास पिल्लं घालते आणि एका मिलनानंतर नर नसतानाही कित्येक महिने घालत राहते. ओढ्यात सोडलेली एक मादीही पुरते. तिथले आपले मासेही डासांच्या अळ्या खातात, आणि त्यांच्याच खाण्यावर गप्पी हक्क सांगतो. टाकीतली पिस्टिया, साल्व्हिनिया ही जास्तीची तरंगती रोपंही नदीत टाकायची नाहीत, वाळवून कुंडीत घालायची. मुळा-मुठेवर दरवर्षी पसरणारी जलपर्णी पाहिलेल्या माणसाला कारण सांगावं लागू नये. जास्तीचे गप्पी दुकानदार घेतो, नाहीतर नर-मादी वेगळे ठेवा.

मेसेज वाचून तुम्ही आधीच बरणी भरली असेल तर आज एवढं करा. निम्मं पाणी काढा आणि क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं पाणी हळूहळू भरा. दोन दिवस खाणं देऊ नका. गप्पी त्याने मरत नाहीत. लकी बांबू बाहेर काढा आणि मूठभर हायड्रिला किंवा तरंगणारं रोप टाका. ज्याच्याकडे जुनी, निरोगी टाकी आहे त्याच्या फिल्टरचा स्पंज तुमच्या पाण्यात पिळून घ्या. ते गढूळ पाणी म्हणजे तयार जिवाणू. मग अमोनिया शून्य येईपर्यंत रोज पाव भाग पाणी बदला. आणि जमेल तितक्या लवकर मोठी टाकी बघा, कारण पन्नास लिटरमध्ये चूक सुधारायला दिवस मिळतो, पाच लिटरमध्ये तासही मिळत नाही.